किल्लारीवर प्रकल्प करताय? आधी तारीख तपासा

'किल्लारीचा भूकंप' हा विषय घेतलात तर माहिती कमी पडणार नाही. डोकं फिरेल ते ती एकमेकींशी जुळत नाही म्हणून.

आमच्या गटाचं घोडं तारखेवरच पेंड खात होतं. मराठीत सगळीकडे 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3.56. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या यादीत मात्र 29 सप्टेंबर. अर्धे म्हणाले, एवढी मोठी संस्था चुकेल कशी? बाकीचे म्हणाले, आपल्या लोकांना स्वतःवर कोसळलेली पहाट आठवणार नाही का? दोन्ही बरोबर. जागतिक याद्या ग्रिनिचच्या वेळेवर चालतात आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. तिथे 29 च्या रात्रीचे 10.26, इथे 30 ची पहाट. कोयनेच्या भूकंपाचंही तेच: आपल्याकडे 11 डिसेंबर 1967, पहाटे 4.21, यादीत 10 डिसेंबर. म्हणून दोन स्रोत भांडले की लगेच एकाला खोटं पाडू नका. कोण कशाने मोजतंय ते बघा. किल्लारीची तीव्रता कुठे 6.2, कुठे 6.4 दिसते, कारण मोजपट्ट्या वेगळ्या. पेपरवाले सरसकट 'रिश्टर' लावून मोकळे होतात.

मृतांची संख्या कुठे 7,928, कुठे 'सुमारे दहा हजार'. गोल आकडा दिसला की तो अंदाज समजा आणि कोणाचा ते शोधा. दहा साइटवर एकच आकडा आहे म्हणून हुरळून जाऊ नका. एकाने लिहिलेलं नऊ जणांनी शुद्धलेखनाच्या चुकांसकट उचललेलं असतं. तो स्रोत एकच.

ग्रंथालयात जुन्या पेपरच्या बांधीव फायली मागा. पहिल्या दिवसाच्या बातमीतला आकडा पुढे वाढतच जातो, तेव्हा अंकाची तारीख सोडू नका. माझं स्पष्ट मत: दुकानातल्या रेडिमेड प्रकल्पापेक्षा ग्रंथपालकाका शंभरपट कामाचे. एआयने पुस्तकांची नावं दिली तर काकांना दाखवल्याशिवाय लिहू नका. नसलेली पुस्तकंही तो ठोकून देतो.

भूकंप सोसलेलं कोणी भेटलं तर सोनंच. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं, घरं कशी बसली हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही. तीव्रता मात्र त्यांना विचारू नका.

घाबरू नका, चार-पाच धड स्रोत पुरतात. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण खालच्या संदर्भांपर्यंत जा. आणि प्रत्येक आकड्याशेजारी कुठून घेतला ते त्याच वेळी लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येतो.