मोठ्या संख्येचे अवयव पाडताय? या चुका टाळा

दादर पश्चिमेचा पिन कोड ४०००२८. नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी हीच संख्या देतो. अवयव पाडा, विभाजक किती ते सांगा. दरवर्षी त्याच त्या चुका होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मध्येच भागाकार सोडून ‘मूळ संख्या’ लिहून मोकळं होणं. चारने भागलं की १००००७ उरतात. मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने त्यावर वहीचं अख्खं पान भरलं. ३, ७, ११ करत ४७ पर्यंत आली, पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, “सर, मूळ आहे. इतक्यांनी भाग गेला नाही, आता कशाने जाणार?” मी म्हटलं, ९७ ने भागून बघ. भागाकार १०३१, बाकी शून्य. ती पान उलटून पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली, पण तिचा एकही भागाकार चुकला नव्हता. ती फक्त लवकर थांबली होती.

थांबायचं ते वर्गमूळ गाठल्यावर. १००००७ चं वर्गमूळ ३१६ च्या जरा पुढे, म्हणजे ३१३ पर्यंतच्या ६५ मूळ संख्या तपासायची तयारी हवी. ९७ त्यातली पंचविसावी. मी भागाकाराला हात लावण्याआधी पानाच्या कोपऱ्यात वर्गमूळ लिहून त्याला गोल करतो, मुलांनाही तेच करायला लावतो. १०३१ चं वर्गमूळ ३२ च्या आसपास. ३१ पर्यंत कशानेच भाग जात नाही, म्हणून ती मूळ. ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे असं फर्मासारख्या थोर गणितज्ञानेही मानलं होतं. ऑयलरने १७३२ मध्ये तिला ६४१ ने भागून दाखवलं.

दुसरी चूक मला फार खटकते. ४०००२८ च्या अंकांची बेरीज १४, म्हणून ७ ने भाग जातो म्हणे! नाही जात, बाकी ६ उरते. दहाला ९ ने भागलं की बाकी १ येते, म्हणून बेरजेची युक्ती ३ आणि ९ ला चालते. ७ ने भागलं तर ३ उरतात. युक्ती का चालते हे माहीत नसेल तर ती वापरूच नये. मी तीन-तीन अंकांचे गट पाडून वजाबाकी करतो: ४०० − २८ = ३७२. १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे तिघांचा निकाल एका झटक्यात लागतो. ३७२ ला तिघांपैकी कुणीच भागत नाही, म्हणून ४०००२८ लाही नाही.

४ आणि ६ ने भाग गेला म्हणून २४ ने जाईलच असं नाही; १२ घेऊन बघा.

सोळा अंकी संख्या एक्सेलच्या साध्या खान्यात टाकू नका, शेवटच्या अंकाचं शून्य होतं.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवा. २² × ९७ × १०३१, म्हणजे ३ × २ × २ = १२. तरी मी जोड्या लिहूनच घेतो: १ आणि ४०००२८, २ आणि २०००१४, ४ आणि १००००७, ९७ आणि ४१२४, १९४ आणि २०६२, ३८८ आणि १०३१.