ग्लासगोत शिकायला येताय? आयईएलटीएसमध्ये न आलेले हे शब्द आधी ऐकून ठेवा

मी सांगलीहून मास्टर्सला ग्लासगोत आले तेव्हा आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेत लिसनिंगला साडेसात बँड होते, त्यामुळे भाषेचं टेन्शन नव्हतंच. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं म्हणून एका वृद्धाश्रमात केअररचं काम धरलं. चौथ्याच दिवशी हँडओव्हर देताना सिनियर बाई म्हणाल्या की त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी सकाळपासून 'ग्रीटिन' आहेत. मला वाटलं आज खुशीत आहेत, सगळ्यांना हॅलो करतायत, म्हणून हसत हसत आत गेले आणि मोठ्यांदा गुड मॉर्निंग म्हटलं, तर आजी उशीत तोंड खुपसून रडत होत्या. इथल्या स्कॉट्स भाषेत ग्रीट म्हणजे रडणं. त्या रात्री मी शब्दांची वही सुरू केली.

एक गोष्ट आधीच सांगते, याला बिघडलेलं इंग्लिश समजू नका. स्कॉट्स ही स्वतंत्र भाषा मानली जाते, २०२२ च्या जनगणनेत १५ लाखांवर लोकांनी ती बोलता येते असं सांगितलंय आणि २०२५ च्या कायद्याने गेलिक या स्कॉटलंडच्या दुसऱ्या भाषेबरोबर तिलाही अधिकृत दर्जा मिळालाय. तरी वृद्धाश्रमातल्या आमच्या आजी सांगायच्या की शाळेत असं बोललं की ओरडा बसायचा. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या पोराला 'नीट शुद्ध बोल' ऐकावं लागतं ना, तेच. म्हणून कुणाच्या बोलण्याला हसू नका, समजलं नाही तर सरळ विचारा, लोक फार आवडीने सांगतात.

आता कामाचे शब्द. पेशंट 'पीली-वॉली' आहे म्हणजे पांढराफटक पडलाय, बरं दिसत नाही. 'जॅग' म्हणजे इंजेक्शन. 'द डे' म्हणजे आज, 'द नाऊ' म्हणजे आत्ता. 'पीस' म्हणजे सँडविच, दुपारी डब्यात नेतात तो. 'मेसेजेस' आणायला गेली म्हटलं की बाजारहाट करायला गेली, फोनशी काही संबंध नाही. कुणी नुसतं 'हाऊ?' विचारलं तर ते 'का?' विचारतायत, मी बरेच दिवस 'कसं' ते समजावत बसायचे. 'आउटविथ' मात्र युनिव्हर्सिटीच्या ऑफिशियल ईमेलमध्येपण येतो, अर्थ 'च्या बाहेर', ऑफिसच्या वेळेच्या आउटविथ वगैरे. आणि 'व्हेअर डू यू स्टे?' म्हणजे कुठे राहता, हॉटेल विचारत नाहीत, हे आपल्याला सोपं कारण आपणही इंडियात असंच म्हणतो.

हवामानाचा एकच शब्द शिका, 'ड्रीख'. मळभ दाटलंय, बारीक पाऊस थांबत नाही, दिवसभर दिवे लावून बसायचं आणि मन पण तसंच झालंय, एवढं सगळं त्या एका शब्दात. शेवटचा उच्चार आपल्या 'ख'च्या जवळचा आहे, त्यामुळे तो आपल्याला बऱ्यापैकी जमतो, लॉख लोमंड या तळ्याच्या नावातला 'ख'पण तोच. मी पहिल्यांदा बसस्टॉपवर 'ड्रीख द डे' म्हटलं तेव्हा शेजारचे आजोबा खुलले आणि बस येईपर्यंत गप्पा मारत राहिले. अशा गप्पांना 'ब्लेदर' म्हणतात. छत्री विसरलात तर 'ड्रूकिट', म्हणजे चिंब. सगळ्याचा वीट आला की 'स्कनर्ड', हा डिसर्टेशनच्या महिन्यात रोज लागेल.

गाव बदललं की शब्दही बदलतात बरं का. लहान मूल ग्लासगोत 'वेन', एडिनबरा साइडला 'बेर्न'. अ‍ॅबर्डीनला जाणार असाल तर तिथली डॉरिक बोली अजून वेगळी, 'फिट लाइक?' म्हणजे कसं काय, 'लून' म्हणजे मुलगा, 'क्वाइन' म्हणजे मुलगी.

मुलींनो, ग्लासगोत बायका तुम्हाला 'हेन' म्हणतील. पहिल्यांदा ऐकून मी गप्पच झाले होते, कोंबडी म्हणतात की काय. पण ते आपल्या 'बाळा'सारखं आहे, मायेचं. त्या कोपऱ्यातल्या आजी शेवटपर्यंत मला हेनच म्हणायच्या, आणि शिफ्ट संपून निघाले की हात धरून 'हेस्ट यी बॅक' म्हणायच्या, लवकर परत ये. मी पण मराठीतच 'येते हं आजी' म्हणून निघायचे, त्याचा अर्थ त्यांनी एकदाच विचारला होता.