वाहक प्रथिनांवरील संशोधनाची बातमी कशी वाचावी

स्तनाच्या कर्करोगासाठी नवे लक्ष्य सापडल्याची बातमी आली आणि त्यात एखाद्या वाहक प्रथिनाचे नाव असले, तर ते प्रथिन पदार्थ पेशीच्या आत आणते की बाहेर टाकते, हे आधी पाहावे. उपचाराची कल्पना त्यावरच ठरते.

बाहेर टाकणाऱ्यांत सर्वांत अभ्यासलेले पी-ग्लायकोप्रोटीन १९७६ साली ज्युलियानो आणि लिंग यांनी शोधले. एटीपी या पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची ऊर्जा वापरून ते डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल अशी औषधे पेशीबाहेर फेकते, आणि सुरुवातीला गुण देणारी किमोथेरपी पुढे लागू पडेनाशी होते, त्यामागचे हे एक कारण मानले जाते. पंप बंद केला की औषध आत टिकेल, हा तर्क प्रयोगशाळेतील पेशींवर खरा ठरला. रुग्णांमध्ये मात्र व्हेरापामिल, व्हॅल्स्पोडार किंवा टॅरिक्विडार या पंप अडवणाऱ्या औषधांपैकी कोणाचाही उपयोग नेहमीच्या उपचारात रुजण्याइतका सिद्ध झाला नाही. हेच प्रथिन आतडे, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही विषारी द्रव्ये हटवत असते, त्यामुळे ते अडवल्यास किमोथेरपीचा त्रास निरोगी अवयवांनाही वाढू शकतो. म्हणून 'हे प्रथिन शरीरात आणखी कुठे काम करते?' हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बातमीत नेमके त्याचेच उत्तर बहुधा नसते.

आत आणणाऱ्या प्रथिनांबाबत वेगळी दक्षता हवी. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीन सोडियम-आयोडाइड वाहकातून पेशीत शिरते. हा वाहक स्तनाच्या अनेक गाठींतही आढळतो, पण तेथे तो पुष्कळदा पेशीपटलावर न पोहोचता पेशीच्या आतच अडकलेला असतो. प्रथिन सापडणे आणि ते योग्य जागी काम करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

प्रयोग कशावर झाला, तेही तपासावे: एमसीएफ-७ सारख्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तन-कर्करोगाच्या पेशींवर, उंदरांवर की रुग्णांवर. उदाहरणार्थ, सिस्टीन हे अमिनो आम्ल आत आणणारे एक्ससीटी प्रथिन स्तनाच्या कर्करोगाच्या ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तिन्ही ग्राहक नसलेल्या) प्रकारात लक्ष्य म्हणून अभ्यासले जाते आणि संधिवातावरचे सल्फासालाझिन ते अडवते. तरीही असे औषध केवळ बातमी वाचून सुरू करू नये. किमोथेरपी चालू असताना रक्तदाबाच्या गोळ्यांसह घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी कर्करोगतज्ज्ञांना दाखवावी, कारण पंप अडवणारे व्हेरापामिल मुळात हृदय आणि रक्तदाबाचेच औषध आहे.