क्रॉस-कंपायलर बिल्ड सारखा फेल होतोय? या चुका टाळा

क्रॉस-कंपायलर म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर चालून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी (टार्गेट) कोड बनवणारा कंपायलर, जसं लॅपटॉपवर बसून आर्मसाठी. त्यासाठी जीसीसी (ग्नूचा कंपायलर) सोर्समधून बिल्ड करायला घेतलं की बहुतेक जण टर्मिनलच्या शेवटच्या दोन ओळी कॉपी करतात आणि विचारतात, "एरर २ येतोय, काय करू?" अरे बाबा, एरर २ म्हणजे मेक (बिल्ड चालवणारी कमांड) एवढंच सांगतंय की आतल्या डिरेक्टरीतलं मेक फेल झालं. ते का झालं हे बरंच वर कुठेतरी आहे, त्यात तुम्ही मेकला जे८ (एकदम आठ जॉब) लावलं असेल तर एक जॉब पडल्यावरही बाकीचे आपलं हातातलं काम संपवत बसतात आणि खरी ओळ अजून वर ढकलली जाते. म्हणून सगळं आउटपुट टी कमांडने फाइलमध्ये घ्या आणि त्यात पहिला एरर शोधा, शेवटचा नाही. नाहीच सापडला तर जे१ लावून परत मेक मारा, झालेलं काम परत होत नाही, लगेच त्याच जागी येऊन अडकतं.

आता सगळ्यांना छळणारा एरर: "कॅनॉट कंप्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स". सफिक्सचा इथे काही संबंध नाही, ते डोक्यातून काढा. झालंय असं की जीसीसी स्वतः बिल्ड झालाय, आता लिबजीसीसीचं (जीसीसीची स्वतःची मदतनीस लायब्ररी) कॉन्फिगर, म्हणजे बिल्डआधी तपासणी करणारी स्क्रिप्ट, त्या नव्या कंपायलरने सी भाषेतली एक छोटी फाइल कंपाइल करून बघतंय आणि तेवढंही जमत नाहीये. पुढे लिहिलेलं असतं की कॉन्फिग डॉट लॉग बघा, लोक बघतातही, पण सगळ्यात वरच्या फोल्डरमधला. चुकीचा! बिल्ड फोल्डरमध्ये टार्गेटच्या नावाचं फोल्डर असतं, त्यात लिबजीसीसी, त्यातला लॉग उघडा, सफिक्सवाली ओळ शोधा आणि तिथून थोडं वर सरका.

तिथे बहुतेक वेळा दोनपैकी एक सापडतं. एक, "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज" आणि पुढे एमपीएफआर किंवा एमपीसीचं (जीसीसीला लागणाऱ्या गणिताच्या लायब्ररी) नाव, म्हणजे त्या लायब्ररी तुम्ही कुठेतरी ऑप्ट फोल्डरमध्ये टाकल्यात आणि चालताना त्या सापडत नाहीयेत. सरळ जीसीसीच्या सोर्स फोल्डरमध्ये जा, कॉन्ट्रिबमधली डाउनलोड प्रीरिक्विझिट्स स्क्रिप्ट चालवा आणि त्या जीसीसीबरोबरच बिल्ड होऊ द्या. दुसरं, असेंब्लर (असेंब्लीचा मशीन कोड करणारा) म्हणतो मायनस ईएल हा ऑप्शन मला माहीत नाही. हा तुमच्या लॅपटॉपचा एक्स८६वाला असेंब्लर आहे, त्याच्यापुढे आर्मचं असेंब्ली ठेवल्यावर तो दुसरं काय म्हणणार! बायनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर यांचं पॅकेज) आणि जीसीसी दोघांना प्रीफिक्स (कुठे इन्स्टॉल करायचं तो पाथ) आणि टार्गेट अक्षरशः सारखं द्या. एकाला एआर्च६४-लिनक्स-ग्नू (एआर्च६४ म्हणजे ६४-बिट आर्म) आणि दुसऱ्याला मध्ये अननोन घुसवलेलं, एवढ्यानेही असेंब्लर सापडत नाही. प्रीफिक्सचं बिन फोल्डर पाथमध्ये आहे का तेही बघा.

दुसरी चूक क्रमाची. ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) बिल्ड करायला कंपायलर लागतो आणि पूर्ण कंपायलरला ग्लिबसी लागते, म्हणून जीसीसी दोनदा करावा लागतो. पहिल्या फेरीत फक्त सी भाषा, विदाउट-हेडर्स, शेअर्ड आणि थ्रेड्स बंद, आणि मेक ऑल-जीसीसी, ऑल-टार्गेट-लिबजीसीसी एवढंच. इथे सी++ चालू ठेवून नुसतं मेक मारलं की लिबएसटीडीसी++ (सी++ ची लायब्ररी) कडे गाडी जाते आणि "लिंक टेस्ट्स आर नॉट अलाउड" येतं, कारण लिंक करायला सी लायब्ररीच अजून नाही. ग्लिबसीच्या आधी लिनक्स कर्नलचे हेडर्स टाकायचे, आणि गंमत म्हणजे ज्याला जीसीसी एआर्च६४ म्हणतो त्याला कर्नल आर्म६४ म्हणतो, तिथे आर्क व्हेरिएबलला आर्म६४ हेच नाव द्या.

सोर्स फोल्डरमध्येच कॉन्फिगर चालवू नका, बाहेर वेगळं फोल्डर करा, आणि ऑप्शन बदलला की मेक क्लीनवर न भागवता ते फोल्डर उडवा. एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) अनसेट करा. त्याच्या शेवटी एक कोलन जरी राहिला तरी त्याचा अर्थ चालू फोल्डर असा होतो आणि ग्लिबसीचं कॉन्फिगर तिथेच थांबतं. मेकइन्फो मिसिंग आलं तर टेक्सइन्फो पॅकेज टाका, विषय संपला. "किल्ड" आणि सीसी१प्लस (जीसीसीचा सी++ कंपायलर) दिसलं तर रॅम संपलीये, मेकच्या जे पुढचा आकडा कमी करा. डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) विंडोजचा पाथ आत येतो, त्यात प्रोग्राम फाइल्समधली स्पेस असते आणि बिल्डरूट (क्रॉस-कंपायलर आणि अख्खी लिनक्स सिस्टिम बिल्ड करून देणारं टूल) ती बघून सरळ नकार देतो.

जुना सोर्स आणि नवा होस्ट कंपायलर (तुमच्या लॅपटॉपवरचा) ही जोडी वेगळाच ताप आहे. २०२० च्या जीसीसी १० ने एफ-नो-कॉमन (एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलमध्ये डिफाइन केलं तर एरर) डिफॉल्ट केलं आणि जुन्या यू-बूट (बूटलोडर), कर्नलमध्ये "मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवायएललॉक" यायला लागलं. २०२५ च्या जीसीसी १५ मध्ये सी२३ (सी भाषेचं नवं स्टँडर्ड) डिफॉल्ट झालं, तर जीएमपी (जीसीसीला लागणारी आणखी एक गणिताची लायब्ररी) ६.३.० चं कॉन्फिगर म्हणतं चालणारा कंपायलरच सापडला नाही, आणि लोक बिचारे जीसीसी काढून परत टाकत बसतात. कंपायलर ठणठणीत असतो, कॉन्फिगरमधली चाचणी जुन्या पद्धतीची सी आहे. सीसी व्हेरिएबलमध्ये जीसीसीच्या पुढे एसटीडी=जीएनयू१७ द्या, पुढे जातं.

सगळं झाल्यावर हॅलो वर्ल्ड कंपाइल करा, फाइल कमांडने एआर्च६४ दिसतंय का बघा आणि क्यूईएमयूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवा. फाइल समोर असूनही "नो सच फाइल" आलं तर नसलेली फाइल म्हणजे डायनॅमिक लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा), क्यूईएमयूला मायनस एल देऊन सिसरूटचा (टार्गेटच्या लायब्ररी असलेलं फोल्डर) पाथ सांगा.