माणशी अर्धा लिटर तेल, वेगळ्या बाटलीत
कोलेस्टेरॉल वाढलं की तेल कमी करा म्हणतात, पण डब्यातून पळीनं ओतताना किती गेलं ते कळत नाही.

एक तारखेला माणशी अर्धा लिटर तेल वेगळ्या बाटलीत काढा, चौघांना दोन लिटर. बाटलीवर पेनानं चार आठवड्यांच्या खुणा करा. फोडणीला पळी नको, ५ मिलीचा चमचा घ्या: माणशी दिवसाला तीन. महिनाअखेरीस उरेल ते भज्यांना. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई), लोणी, साजूक तूप या बाटलीत मोजलं जात नाही आणि हिशेब तिथेच चुकतो. कुंदा चमचाभरच, तोही रोज नको.

स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी चालू असेल तर रिपोर्ट चांगला आला म्हणून स्वतःहून बंद करू नका. काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, परत वर जातं.