लिस्प आपोआप लोड करायची तर: बडोद्यात ड्राफ्टिंगला नव्याने लागणाऱ्यांसाठी

मकरपुरा जीआयडीसीत किंवा पोर-रमणगामडीच्या बाजूला फॅब्रिकेशनच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागलात की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी पेन ड्राइव्ह पुढे करतं आणि म्हणतं, "आ लिस्प नाखी दे." म्हणजे, ही लिस्प टाकून दे. लिस्प म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी कमांड आणणारा छोटा प्रोग्रॅम. पेन ड्राइव्हमध्ये अशा पंधरा-वीस फाइली असतात. एक बलून नंबर टाकते, एक होलचं टेबल काढते, एक प्लेटचं वजन सांगते. सगळ्या निवडून माउसने ड्रॉइंगवर ओढून सोडल्या की चालतातही. मग दुसरं ड्रॉइंग उघडलं, तीच कमांड टाइप केली, तर उत्तर येतं 'अननोन कमांड'. नवा मुलगा इथे घाबरतो. त्याला वाटतं, आपण काहीतरी बिघडवलं.

बिघडलेलं काही नसतं. ऑटोकॅड २००० पासून एकाच वेळी अनेक ड्रॉइंगं उघडता येतात आणि प्रत्येक ड्रॉइंगची लिस्पची जागा वेगळी असते. एका ड्रॉइंगमध्ये लोड केलेली कमांड शेजारच्या ड्रॉइंगला माहीत नसते. म्हणून लिस्प प्रत्येक ड्रॉइंग उघडताना पुन्हा लोड व्हायला हवी, आणि ती आपल्या हाताने नव्हे, आपोआप. ही व्यवस्था लावायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आधी द्या, लिस्प लिहायला नंतर शिका. एलटी, म्हणजे ऑटोकॅडचा कमी सोयींचा प्रकार, वापरणाऱ्यांनी एवढं पाहावं की आवृत्ती २०२४ किंवा त्यापुढची आहे ना. त्याआधीच्या एलटीत लिस्प चालत नाही.

सगळ्यात सोपा रस्ता ॲपलोडचा. कमांड लाइनवर एपी टाइप करून एंटर मारा. खिडकीत उजवीकडे खाली ब्रीफकेसचं चित्र आणि 'स्टार्टअप सूट' असं लिहिलेलं दिसेल. त्याखालचं 'कंटेंट्स' दाबा, 'ॲड' करून फाइल निवडा, बंद करा. दोन-तीन फाइलींसाठी हे पुरेसं आहे. अडचण पुढे येते. ही यादी त्या संगणकावर, त्या विंडोज लॉगिनपुरती, त्या प्रोफाइलमध्ये साठते. टेबल बदललं, आवृत्ती बदलली की यादी रिकामी. फाइल एका फोल्डरातून दुसरीकडे हलवली तरी लोड होत नाही. आणि वीस फाइली यादीत टाकल्या की प्रत्येक ड्रॉइंग उघडताना वीसच्या वीस लोड होतात.

म्हणून दुसरा रस्ता धरा. ऑटोकॅड प्रत्येक ड्रॉइंग उघडताना एका ठरावीक नावाची फाइल शोधतं आणि सापडली तर चालवतं. नाव असं: ए-सी-ए-डी-डी-ओ-सी, टिंब, एल-एस-पी. मध्ये स्पेस नाही, डॅश नाही. सगळे तिला 'अकॅडडॉक' म्हणतात. तिचं भावंड म्हणजे 'अकॅड' नावाची फाइल. ती मात्र एरवी ऑटोकॅड सुरू होताना एकदाच चालते, दर ड्रॉइंगला नाही. नवीन माणसाने अकॅडडॉकच वापरावी.

ड्राइव्हवर एक स्वतंत्र फोल्डर करा, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर 'कॅडलिस्प', नाव रोमन अक्षरांत. ऑटोकॅडच्या स्वतःच्या, प्रोग्राम फाइल्समधल्या सपोर्ट फोल्डरात काही टाकू नका. तिथे लिहायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, आणि नवीन आवृत्ती बसली की तिचं फोल्डर वेगळं असतं. आता ओपी टाइप करून ऑप्शन्स उघडा, 'फाइल्स' टॅब, 'सपोर्ट फाइल सर्च पाथ' (ऑटोकॅड ज्या फोल्डरांत फाइली शोधतं त्यांची यादी), 'ॲड', मग 'ब्राउझ' करून आपलं फोल्डर. 'मूव्ह अप'ने त्याला सगळ्यात वर न्या. त्याच टॅबमध्ये खाली 'ट्रस्टेड लोकेशन्स' आहे, तिथेही हेच फोल्डर जोडा. ही दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात आणि मग दर ड्रॉइंगला 'ही फाइल लोड करू का' अशी सुरक्षेची खिडकी समोर येते.

फाइल नोटपॅडमध्ये करा. सेव्ह करताना 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडलं नाही तर नावाला मागून 'टिंब टीएक्सटी' चिकटतं, आणि विंडोज ते दाखवतही नाही. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करून ठेवा, म्हणजे हे लगेच दिसेल.

पहिली ओळ निरोपाची. उघडता कंस, पी-आर-आय-एन-सी, एक स्पेस, मग दुहेरी अवतरणात 'ऑफिस लिस्प ३' असा मजकूर रोमन अक्षरांत, शेवटी बंद कंस. अवतरणाच्या आत सुरुवातीलाच उलटी तिरकी रेघ आणि एन टाकलं की निरोप नव्या ओळीवर येतो. सेव्ह करा, नवीन ड्रॉइंग उघडा, एफ२ दाबा, म्हणजे कमांड लाइनवर आधी येऊन गेलेला मजकूर दिसेल. निरोप दिसला तर फाइल सापडली आणि चालली. नाही दिसला तर पुढचं काहीच तपासत बसू नका, आधी नाव आणि पाथ पाहा. निरोपातला आकडा दर बदलाला वाढवत जा. कोणत्या टेबलवर जुनी फाइल चालू आहे ते लांबून कळतं.

आता खरा माल. एखादी फाइल लगेच लोड करायची तर 'लोड' हे फंक्शन. कंसात लोड, मग अवतरणात फाइलचं नाव, आणि पुढे दुसऱ्या अवतरणात 'होल टेबल मिळाली नाही' असा एखादा संदेश. हा दुसरा मजकूर ऐच्छिक आहे असं मदतीत लिहिलेलं असतं. आमच्या मते तो सक्तीचाच समजावा. कारण तो नसला आणि फाइल सापडली नाही तर चूक येऊन अकॅडडॉक तिथेच थांबते, त्या ओळीखालचं काहीच लोड होत नाही. लक्षण ठरलेलं आहे: यादीतल्या वरच्या सहा कमांडी चालतात, खालच्या चौदा 'अननोन'. नवखा माणूस चौदा फाइली तपासत बसतो, आणि दोष एकट्या सातव्या ओळीत असतो. संदेश दिलेला असला की लोड ती फाइल सोडून पुढे सरकतं.

फाइलचा पाथ, म्हणजे ड्राइव्ह-फोल्डरसकट पूर्ण पत्ता, लिहायचाच असेल तर विंडोजची उलटी तिरकी रेघ जोडीने लिहावी लागते, नाहीतर सरळ साधी तिरकी रेघ वापरा. पण फोल्डर सर्च पाथमध्ये असेल तर नुसतं नाव पुरतं, आणि तेच चांगलं. नावाला एक्स्टेन्शन दिलं नाही तर ऑटोकॅड आधी व्हीएलएक्स, मग एफएएस (या दोन्ही लिस्पच्या कंपाइल केलेल्या फाइली), शेवटी एलएसपी शोधतं. म्हणजे त्याच नावाची जुनी एफएएस फोल्डरात पडून असेल तर तुम्ही एलएसपीत केलेली दुरुस्ती कधीच दिसणार नाही.

वीस फाइलींसाठी मात्र 'ऑटोलोड' वापरा. कंसात ऑटोलोड, अवतरणात फाइलचं नाव, मग एक सुटं एकेरी अवतरण, आणि त्यानंतर कंसात त्या फाइलमधल्या कमांडींची नावं, प्रत्येक दुहेरी अवतरणात. नावाआधीचं 'सी कोलन' इथे लिहायचं नाही. असं केलं की ड्रॉइंग उघडताना फाइल वाचलीच जात नाही. तुम्ही कमांड पहिल्यांदा टाइप कराल तेव्हाच ती लोड होते. ते सुटं एकेरी अवतरण राहिलं की चूक येते.

ऑफिसच्या सेटिंगांबद्दल थोडं. ऑस्नॅप म्हणजे रेघेचं टोक, मध्य असे नेमके बिंदू आपोआप पकडण्याची सोय. कोणते बिंदू पकडायचे त्याचा आकडा 'ऑसमोड' या सेटिंगमध्ये असतो, आणि तो बेरजेने बनतो: एंडपॉइंट १, मिडपॉइंट २, सेंटर ४, इंटरसेक्शन ३२. चारही हवे तर ३९. 'सेटव्हार'ने ऑसमोड ३९ अशी एक ओळ अकॅडडॉकमध्ये टाकली की दर ड्रॉइंगला तेच स्नॅप मिळतात. कधी ऑसमोडचा आकडा १६४२३ असा दिसतो. तो ३९ अधिक १६३८४ आहे, म्हणजे कोणीतरी एफ३ने स्नॅप बंद केलेत. आणि शून्य दिसला तर संशय लिस्पवर घ्या: काही लिस्प काम करताना स्नॅप शून्य करतात, मधेच एस्केप दाबलं की परत जागेवर आणत नाहीत. चांगल्या लिस्पमध्ये त्यासाठी चूक झाल्यावर किंवा मधेच थांबवल्यावर चालणारा वेगळा भाग लिहिलेला असतो. नसेल तर ती लिस्प कामाच्या ड्रॉइंगवर वापरू नका.

'कमांड' हे फंक्शन अकॅडडॉकमध्ये उघडं लिहू नये. फाइल वाचली जाते त्या क्षणी ड्रॉइंग पूर्ण तयार झालेलं नसतं. झूम, लेयर अशा कमांडी चालवायच्या असतील तर 'एस, दोन कोलन, स्टार्टअप' या नावाच्या फंक्शनमध्ये ठेवा. ड्रॉइंग तयार झाल्यावर ऑटोकॅड ते स्वतः बोलावतं. हे नाव एकच आहे, म्हणून दोन फाइलींनी ते लिहिलं तर नंतरच्या फाइलमधलं आधीच्या फाइलमधलं पुसून टाकतं. कमांडींच्या नावांचंही तसंच.

व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेला कोड जवळून पाहा. तिथली अवतरणचिन्हं वळलेली असतात, लिस्पला सरळच लागतात. 'मालफॉर्म्ड लिस्ट' आलं तर कुठेतरी बंद कंस किंवा अवतरण राहिलंय. 'एक्स्ट्रा राइट पॅरेन' आलं तर एक कंस जास्त झालाय. 'नो फंक्शन डेफिनिशन' आणि पुढे व्हीएलएने सुरू होणारं नाव दिसलं, तर फाइलच्या वर 'व्हीएल-लोड-कॉम'ची ओळ टाका, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. सेमीकोलननंतरचे शेरे मराठीतच लिहावेत, समजायला बरं पडतं. पण ऑफिसात जुन्या आवृत्त्या असतील तर रोमन अक्षरांत, नाहीतर देवनागरीची खिचडी होते.

फाइल बदलली तरी जुनंच चालतंय असं वाटलं की कमांड लाइनवर कंसात फाइंडफाइल आणि अवतरणात अकॅडडॉकचं पूर्ण नाव टाइप करा. ऑटोकॅड पूर्ण पाथ सांगतं. सर्च पाथवर जी पहिली सापडते तीच चालते, बाकीच्या नाहीत. वादावादीत घालवलेले कित्येक तास या एका ओळीने वाचतात.

सुरक्षेचा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. २०१२ मध्ये मेद्रे नावाचा, लिस्पमध्येच लिहिलेला संगणकी किडा (वर्म) पसरला होता. तो संगणकावरची ड्रॉइंगं ईमेलने चीनमधल्या पत्त्यांवर पाठवत असे, आणि सर्वांत जास्त लागण पेरू देशात झाली होती. आपोआप लोड होण्याची हीच सोय त्याने वापरली. ऑटोकॅड २०१४ पासून 'सिक्युअरलोड' हे सेटिंग आलं, विश्वासाच्या फोल्डराबाहेरची फाइल लोड करण्याआधी विचारणारं; ते आपोआप १ असतं. खिडकीचा त्रास नको म्हणून ते शून्य करायचा सल्ला मिळेल; करू नका. ट्रस्टेड लोकेशनमध्ये डाउनलोड्स, अख्खा डी ड्राइव्ह किंवा ग्राहकाच्या ड्रॉइंगचं फोल्डर घालू नका. पाथच्या शेवटी उलटी रेघ आणि तीन टिंबं दिली की आतली सगळी फोल्डरंही विश्वासाची ठरतात, म्हणून ती जपून द्या. ग्राहकाकडून आलेल्या झिपमध्ये ड्रॉइंगांशेजारी अकॅडडॉक किंवा अकॅड नावाची एफएएस दिसली तर न उघडता बाजूला काढा आणि सीनियरला दाखवा.

ऑफिसच्या संगणकावर आपली लिस्प टाकण्याआधी विचारा. तुम्हाला नोकरीआधीच्या चाचणीला (ट्रायलला) बसवलं असेल तर त्या संगणकावर काहीच टाकू नका. पेन ड्राइव्हवरची फाइल ॲपलोडने त्या ड्रॉइंगपुरती लोड करण्याचीही परवानगी घ्या. आणि नोकरी सोडताना ऑफिसची लिस्प बरोबर नेऊ नका, ती त्यांची आहे.

टेबल बदललं तर: ऑप्शन्समध्ये 'प्रोफाइल्स' टॅब, 'एक्स्पोर्ट' करून एआरजी फाइल (प्रोफाइलची सेटिंगं साठवणारी) आधीच काढून ठेवलेली असावी, कारण सर्च पाथ त्यातच जातात. नव्या संगणकावर कॅडलिस्प फोल्डर त्याच जागी कॉपी करा, एआरजी 'इम्पोर्ट' करा, 'सेट करंट' दाबा, ट्रस्टेड लोकेशन्स एकदा नजरेखालून घाला. मग एक ड्रॉइंग उघडा आणि एफ२ दाबून निरोपाची ओळ शोधा.