शेवाळलेल्या कातळावर बुटावरून मोजे

भांबवलीचा वजराई धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो. पावसाळ्यात तिकडे जाताना ओल्या कातळावर चांगल्या सोलचे बूटही सटकतात. साताऱ्याहून निघताना घरातले जुने, जाड सुती किंवा लोकरी मोजे पिशवीत टाका. नायलॉनचे नकोत.

१. शेवाळ दिसलं की मोजे बुटावरूनच चढवा.
२. घोट्याजवळ सुतळीने आवळा, गाठ बाहेरच्या बाजूला.
३. मातीची वाट लागली की लगेच काढा. चिखल माखलेला मोजा साबणासारखा घसरतो.

ध्यान दिसतं खरं, पण हसणारेच परतीला जोडी मागतात!

ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं तर वर पाऊस कोसळतोय असं समजा. मग मोजे असोत-नसोत, ओढा ओलांडू नका.